रिकाम्या गोठ्याला दिलेली वर्दी

५ ऑक्टोबर

उद्या कोठारांचे फोटो काढण्यास जाणे. पाडली जाण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावी, अशी जुन्या वास्तूंची माहिती जपणाऱ्या आमच्या संस्थेची इच्छा. गाडी माझी भाची व्हर्ना चालवील. गाडीपेक्षा तिचे तोंड अधिक चालेल.

६ ऑक्टोबर

पहिली तीन कोठारे नेहमीच्या घडणीची – खाली दगडी गोठा, वर गवत, दर्शनी फळ्यांवर रंगाने काढलेल्या चांदण्या. ऊन उत्तम.

शेवटचे ब्रुबाकरांचे. एनोस ब्रुबाकर मार्चमध्ये वारला. अंत्यविधीच्या दिवशीच गायी विकल्या गेल्या. कोठाराची लाकडेही आता विकली आहेत. विधवा सलोमीने मुलीकडे राहायला जायचे, असे ठरले आहे. ती जात मात्र नाही!

कारण तिने काकवीचा केक वाढता वाढता सांगितले. धनी गेला की कोणीतरी गोठ्यात जाऊन जनावरांना तसे सांगावे, ही आमच्या पेनसिल्व्हेनियातली जुनी रीत. त्या दिवशीच्या धांदलीत ती राहून गेली.

"वाट बघतायत हो त्या. एनोस रोज पहाटे दारातूनच म्हणायचा, 'आलो गं, आलो!' अजून पहाटे गोठ्यात त्यांच्या साखळ्या वाजतात. त्यांना अशा टाकून कशी जाऊ मी?"

मी म्हणालो, गायी येथे नाहीत. जे नाही, ते वाट पाहू शकत नाही.

"मग तुम्हीच सांगा की जाऊन, वकीलसाहेब! माझं पाऊलच उचलत नाही तिथं." मग जरा थांबून – "पण एक ऐका. जो सांगतो, त्यालाच त्या धनी मानतात."

"जा ना मामा," व्हर्ना म्हणाली. "जन्मभर न्यायाधीशांना पटवलंत, आता गव्हाणींना पटवा! फी म्हणून केक मिळालाच आहे."

ही बाई या घरात एकटी हिवाळा काढणार, केवळ दोन वाक्ये उच्चारली गेली नाहीत म्हणून – हे मला असह्य वाटले. एरवी मी गेलो नसतो.

गोठा स्वच्छ, कोरडा. गव्हाणींवर गळसाखळ्या लोंबत होत्या. दारात उभा राहून स्पष्ट शब्दांत सांगितले: "एनोस ब्रुबाकर मरण पावला आहे. तो परत येणार नाही."

काही झाले नाही. मग टोकाच्या अंधारातून पेंढा दबल्याचा आवाज आला. एक जड उसासा. त्याच्या अलीकडे दुसरा. त्याच्या अलीकडे तिसरा. बसलेली गाय उठते, तसे – ओळीने, माझ्या दिशेने.

एक फोटो घेतला आणि बाहेर आलो. धावलो नाही. वारा नव्हता.

"काय म्हणाल्या?" व्हर्नाने विचारले. मी तिला गाडी सुरू करायला सांगितले.

७ ऑक्टोबर

सलोमीचा फोन. "झोपले हो! मार्चनंतर पहिल्यांदा. साखळ्या गप्प आहेत." मुलगी तिला न्यायला आली आहे. आवाज तरुण मुलीसारखा.

श्रद्धेचा परिणाम मनावर होतो; त्यावरून श्रद्धा खरी ठरत नाही.

९ ऑक्टोबर

फिल्म धुतली. गोठ्याच्या त्या फोटोत साखळ्या सरळ लोंबत नाहीत. सगळ्या पुढे ताणलेल्या आहेत, दाराकडे.

कॅमेरा तिरपा होता, असे म्हणावे, तर दाराची चौकटही तिरपी दिसायला हवी. ती काटकोनात आहे. फिल्म धुताना दोष आला, असे म्हणावे, तर तो सर्वत्र दिसावा. सर्वत्र नाही.

तिसरा पर्याय मांडण्यास मी तयार नाही.

व्हर्नाला फोटो दाखवला. तिने एकही विनोद केला नाही. फक्त म्हणाली, "मामा, दारात तर तुम्ही होतात."

११ ऑक्टोबर

ब्रुबाकरांचे कोठार आज उतरवले. आता त्यांना तेथे जागा नाही.

'त्यांना' हा शब्द खोडावा.

१२ ऑक्टोबर

मी शहरात, तिसऱ्या मजल्यावर राहतो. पहाटे जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात उभा होतो. पायांत बूट. हातांना कोमट दुधाचा वास. जिन्यावर खुरांचे आवाज, सावकाश, ओळीने वर येणारे. भीती वाटायला हवी होती. मी कडी काढत होतो आणि म्हणत होतो –

"आलो गं, आलो!"