हौसाची सुकट डॉट इन

११ नोव्हेंबर

मेल परत आली!

करंज्याच्या धक्क्यावरून ताईला फोटो पाठवला होता. बोटीवर जाळ्याच्या ढिगात मांजर झोपलेलं, पोट वर करून. खाली लिहिलं, ‘बघ, मालकीणबाई आराम करतायत.’ पाठवलं आणि लगेच उत्तर! ताई? तर नाही, मशीनचं इंग्रजी. हा पत्ता सापडत नाही म्हणे.

ताईनं उत्तर कधीच दिलेलं नाही. पण मेल परतही कधी आली नव्हती. गोव्याहून लिहिलं, दिवेआगरच्या लॉजवर होतो तिथून लिहिलं, नेऱ्याच्या फार्महाऊसवर वॉचमन होतो तेव्हा तर रोज. कुठेतरी पडतंय, एवढं पुरे होतं. आज तेही गेलं.

मांजर मात्र उठलं नाही. लिलाव सुरू झाला, एवढा आरडाओरडा, तरी नाही.

१२ नोव्हेंबर

खांदा कॉलनीत प्रितेशच्या गाळ्यावर गेलो. शाळेत आम्ही एका बाकावर. तो पुढे शिकला, वेबसाइटी बनवतो. मी बारावीला बाकावरून उठलो तो अजून बसलेलो नाही.

त्यानं दोन मिनिटांत सांगितलं — ताईचा मेलचा पत्ता ज्या वेबसाइटच्या नावावर होता, त्या नावाची मुदत आठवड्यापूर्वीच संपलीय. ताईनं पैसे भरले नाहीत, म्हणून वेबसाइट बंद, मेल बंद. मुदत संपल्यापासून महिनाभर फक्त जुन्या मालकालाच ते सोडवता येतं, तेही दंड भरून. त्यानंतर नाव मोकळं. ज्याचा हात आधी पोचेल त्याचं.

म्हटलं, मी घेतो.

प्रितेश म्हणाला, “थांब. नाव घ्यायच्या लायकीचं आहे का ते आधी बघू.”

हौसाचीसुकट डॉट इन. हौसा म्हणजे आमची आई. लॉकडाऊनमध्ये बाजार बंद, घरात सुकट-बोंबलांची पोती, आई डोक्याला हात लावून बसलेली. ताईच म्हणाली, इंटरनेटवर विकू. फोटो काढायला रूपेशला आणलं, नेऱ्याच्या वरच्या वाडीतला आदिवासी पोरगा. त्याच्या फोटोत बोंबीलसुद्धा लग्नाला निघाल्यासारखा दिसायचा! पुढं ताई त्याच्याशीच लग्न करून गेली. आमचा थोरला धनेशदादा चार गाड्या घेऊन वाडीवर गेला तोवर दोघं निघून गेले होते. बरं झालं. तेव्हापासून घरात किशोरी हे नाव कुणी काढत नाही.

वेबसाइट मात्र चालू राहिली. ऑर्डर घेणारं कुणी नाही, तरी चालू. म्हणजे ती दरवर्षी भरत होती. यंदा का नाही भरलं?

१३ नोव्हेंबर

विसरली असेल. आजारी असेल. आम्हाला विसरली असेल.

१६ नोव्हेंबर

प्रितेशची परीक्षा. एक — नाव लांब. दोन — फोनवर सांगितलं तर समोरच्याला लिहिता येतं का? मी खाली चहावाल्याला सांगून बघितलं. त्यानं टाईप केलं आणि गुजरातच्या कुठल्या तरी साडीच्या दुकानात पोचला. नापास. तीन — महिन्याला किती लोक शोधतात? शून्य. प्रितेशनं दोनदा बघितलं. शून्यच. चार — जुनं आहे, कधी फसवाफसवीला वापरलेलं नाही. ही जमेची बाजू. पाच — दुसऱ्या कुणाला हवंय का?

“कुणाला हवं असेल रे? बोंबलाला?”

निकाल : घेऊ नको.

हा शहाणा बोलतोय! ह्याच्याकडे एअरपोर्टची चौदा नावं पडून आहेत. एअरपोर्ट पनवेल, पनवेल एअरपोर्ट होम्स, एअरपोर्ट थाळी. विमानं उडायला लागली की बिल्डर पाया पडत येतील म्हणून घेतलेली. एकही आला नाही. एअरपोर्ट थाळीवर मी हसलो तर दिवसभर बोलला नाही.

येताना ठरवलं होतं की आपटा फाट्यावर कामाचं विचारायचं. तलावापाशी पोरं पतंग उडवत होती, तिथंच संध्याकाळ झाली.

१९ नोव्हेंबर

आज बुधवार. आईची पुडी एसटी स्टँडवर पोचवली. एक आड एक बुधवारी हे काम माझं, मी गावात असलो तर. साताऱ्याच्या गाडीचा मिशीवाला कंडक्टर. तोच असेल तर द्यायची, नाहीतर घरी परत आणायची. आईचं जुनं गिऱ्हाईक आहे तिकडे. वास येऊ नये म्हणून तीन पिशव्यांत गुंडाळलेली असते, तरी येतो. कंडक्टर म्हणतो, तुमच्या आईच्या बोंबलाला पण अर्धं तिकीट काढायला पाहिजे.

ह्या गिऱ्हाइकाचे लाड फार. बोंबलाची डोकी-शेपट्या काढून, तुकडे करून. बाजारात कुणी असं मागितलं तर आई म्हणते, मंग चावून पन देऊ का?

२१ नोव्हेंबर

प्रितेशच्या पोटात काही राहत नाही. धनेशदादाला सगळं सांगून बसलाय.

दादा जेवताना म्हणाला, ते नाव घेऊन टाकू. बाबा गेल्यापासून घर तोच बघतो, प्लॉटची दलाली करतो, त्याला प्रत्येक गोष्ट प्लॉट दिसते. सातबारा आता कुणाच्या नावावर? कब्जा कधी मिळेल? मी म्हटलं, त्याला काही किंमत नाही, प्रितेश म्हणतो शून्य.

दादा हसला. म्हणाला, “जागेला किंमत नसते रं. तिथं कोन येतं-जातं त्याला असते.”

आई वाढत होती. आम्ही कसल्या जागेचं बोलतोय ते तिला कळलं नसावं.

नंतर प्रितेशला दरडावून विचारलं, दादाला काय सांगितलंस? तेव्हा कळलं. नाव ज्याच्या ताब्यात, त्या नावावर येणारी सगळी मेल त्याची. ताईनं बँकेला, शाळेला, गॅसवाल्याला, कुठंही तो पत्ता दिला असेल, तर ते सगळं नव्या मालकाकडे येणार. कुठं राहते, काय करते, सगळं.

म्हणजे पाचव्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुसऱ्या कुणाला हवंय का — हो, हवंय.

२२ नोव्हेंबर

खोटं कशाला लिहू. दादाच्या आधी मलाच ते हवंसं वाटलं.

सकाळपासून तेच डोक्यात. पत्ता कळेल. नुसतं जाऊन लांबून बघायचं. दाराबाहेर चपला कुणाच्या आहेत, तुळस लावलीय का, रूपेश अजून तसाच खिदळतो का. ती बाहेर येईल, घागर-बिगर घेऊन. घागर कुठली, नळच असेल! पण येईल बाहेर. मी हाक मारणार नाही. फक्त बघणार.

बाईक घेऊन नेऱ्यापर्यंत गेलो. वाडीच्या रस्त्याला रूपेशची म्हातारी शुक्रीआजी काटक्यांची मोळी घेऊन येताना दिसली. मला ओळखलं आणि रस्ता सोडून खाली शेतात उतरली. एवढी मोळी डोक्यावर, तरी उतरली. दादाचा भाऊ मी.

मी पण लांबून बघायला गेलो, तर ताईसुद्धा अशीच उतरेल.

२३ नोव्हेंबर

आणि हे तर सुचलंच नव्हतं — मी नाव घेतलं, तर मी ताईला लिहिलेलं मलाच येणार!

मांजराचा फोटो मी पाठवणार, मीच उघडणार. मग ते घेऊन करू काय? ते नाव तिचं होतं म्हणून त्यावर लिहायचो. माझं झालं की संपलं.

प्रितेशच्या परीक्षेत हा प्रश्नच नव्हता.

२५ नोव्हेंबर

आज आईला सांगितलं. मार्गशीर्ष लागल्यापासून गिऱ्हाईक कमी, आई मागच्या पडवीत बोंबील निवडत बसली होती. दादा उरणला गेलेला. कसं सांगावं कळेना, म्हणून आडवळणानं सांगितलं. म्हटलं, आई, इंटरनेटवर तुझ्या नावाचं दुकान होतं ना, ते जातंय. जुन्या मालकानं सोडवलं नाही तर दादा घेणार. मग तिकडची चिठ्ठीचपाटी सगळी दादाच्या हातात.

ताईचं नाव घेतलं नाही. आईनंही नाही.

“माजं नाव घेऊन त्यो काय करनार हाय? नावानं काय प्वाट भरतं?”

मग निवडून झालेले बोंबील परत निवडायला घेतले. आमची गोदू मांजर येऊन बसली, तिला आईनं हाकललं नाही. एरवी चप्पल फेकते.

“किती दिस हायेत म्हनालास?”

म्हटलं, आठवडा, फार तर दहा दिवस. ती उठून हात धुवायला गेली. सुकटीचा वास असा चार वेळा हात धुऊन जात नाही, हे तिनंच मला शिकवलंय. आज बराच वेळ धूत होती.

२७ नोव्हेंबर

काल पुडीचा बुधवार नव्हता, तरी आई स्वतःच एसटी स्टँडवर जाऊन आली. प्रितेशकडे दादाचं बुकिंग लागलंय. नाव मोकळं झालं की मशीन आपोआप उडी मारणार. मी म्हटलं, माझं पण लाव. म्हणाला, एका नावावर दोन उड्या लावल्या तर माझी दोस्ती कुणाशी राहील? म्हटलं, एअरपोर्ट थाळी मी विकत घेतो. तरी ऐकेना. शेवटी लावलं.

मला मिळालं तर कुलूप लावून ठेवीन. पेटी उघडायचीच नाही.

उघडणार नाही ना मी? इथं कुणी बघत नाहीये, तरी लिहायला हात धजत नाही.

३० नोव्हेंबर

काही नाही. दिवसातून दहा वेळा बघतो. दादा पण विचारतो, कब्जा आला का?

१ डिसेंबर

प्रितेशचा फोन. दोघांची बुकिंगं रद्द! जुन्या मालकानं दंड भरून नाव सोडवलं. पाच वर्षांचं एकदम भरलंय. प्रितेश म्हणाला, वेडीच आहे तुझी ताई, शून्य किमतीच्या नावाला एवढा दंड.

उघडून बघितलं. चालू! लग्नाला निघालेले बोंबील, आईचा हात, वर आईचं नाव.

दादानं ताट सरकवलं आणि उठून गेला.

मी मांजराचा फोटो परत पाठवला. बसून राहिलो. मेल परत आली नाही.

मग डोकं चालायला लागलं. आठवडाभर उरला असताना ताईला आठवण आली कशी? प्रितेशला तिचा ठावठिकाणा माहीत नाही. दादा तर सांगणार नाही. मी सांगायला गेलो तर पत्ताच मेलेला.

ताईला लहानपणापासून बोंबलाची डोकी बघवत नाहीत. आई काढून द्यायची.

एक आड एक बुधवार. मीच नेऊन देत होतो की!

३ डिसेंबर

बुधवार. आईनं पुडी हातात दिली. आज दोन होत्या. दादा मोरीत होता. ती हळूच म्हणाली, “कंडक्टरच्या हातात नको देऊ. तूच जा घेऊन.”

विचारलं, उतरायचं कुठं?

“त्याला ठावं हाय.”