दोन सोनेरी, दोन निळे

शनिवार, दिनांक ३० नोव्हेंबर २०२४ रोजी सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, माझ्या राहत्या घराच्या मागील अंगणात, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने घरभर पाहुण्यांदेखत मला म्हातारचळ लागल्याचे जाहीर केले. प्रस्तुत मृत्युपत्र त्या घटनेमुळे लिहिले आहे, मरण जवळ आल्यामुळे नव्हे. माझी प्रकृती ठणठणीत आहे. ज्यांना याचे वाईट वाटते त्यांनी वाट पाहावी.

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, नोंदणी कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांची मृत्युपत्रे दाखल करून घेतली, त्यामुळे माणसे पळवाट कुठे ठेवतात हे मला पाठ आहे. मी हे कोणाच्याही दडपणाविना, पूर्ण शुद्धीत, शांत नसले तरी स्थिर डोक्याने लिहीत आहे. दोन्ही डोळे शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात सर्व काही धाकट्याला दिले होते. ते रद्द. त्याचे तुकडे त्याच्याच कचऱ्याच्या डब्यात सापडतील.

कलम पहिले: हकीकत. कारणाशिवाय कोणाला बेदखल करू नये, असे मी पक्षकारांना नेहमी सांगत असे.

निवृत्तीनंतर मला जोडताऱ्यांचा नाद लागला. साध्या डोळ्यांना एक दिसणारा तारा दुर्बिणीतून दोन निघतो, एवढीच गंमत. पण ती मला पुरते. माझी दुर्बीण दोन्ही डोळ्यांना लावायची, जड, तिपाईवर बसवलेली. त्या संध्याकाळी आमच्या आकाशदर्शन मंडळाला मी हंस तारकासमूहाच्या चोचीतला तारा दाखवायला बोलावले होते. एक सोनेरी, त्याला बिलगून एक निळा. त्याहून देखणी जोडी माझ्या पाहण्यात नाही, माणसांत तर नाहीच.

तारा मध्यात आणताना मी एकच डोळा लावते. सवय आहे. मला दोन दिसले. मी बाजूला झाले आणि मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, वाकले.

"बाई, इथे तर चार आहेत. दोन सोनेरी, दोन निळे."

दुसऱ्याला चार. तिसऱ्याला चार. मी पळत जाऊन फोकस फिरवला, तरी चारच. अध्यक्ष म्हणाले, "मग इतकी वर्षं बाई आम्हाला काय दाखवत होत्या?" त्यावर माझा भाऊ, हातात माझ्याच घरचा चहा घेऊन, म्हणाला, "ताईचं काय विचारता! तिला आजकाल एकाचे दोन दिसतात. परवा दूधवाल्याला दोनदा पैसे दिले." सगळे हसले. दूधवाल्याला दोनदा पैसे दिले ते खरे आहे. मागच्या आठवड्याचे राहिले होते.

त्या हशात एकच व्यक्ती दुर्बिणीला डोळा लावून उभी होती. माझी भावजय. ती म्हणाली, "वन्सं, एक डोळा मिटला की दोनच राहतात हो. हा मिटा, नाहीतर तो मिटा."

"तू गप," धाकटा म्हणाला. "तुला त्यातलं काय कळतं? जा, कप उचल."

तिने कप उचलले. आणि तिला नेमके तेच कळले होते जे कळायला हवे होते: दुर्बिणीच्या दोन नळ्या एका दिशेला बघत नव्हत्या. तसे आपोआप होत नाही. दुर्बीण पडावी लागते.

सकाळी उजेडात पाहिले. उजव्या नळीच्या कडेला पोचा, आणि पोच्यावर काळे बूटपॉलिश चोपडलेले. अध्यक्षांची बोटे रात्री काळी का झाली आणि त्यांनी ती माझ्या पडद्याला का पुसली, त्याचाही उलगडा झाला. या घरात तोंड दिसेल असे बूट फक्त एकच माणूस चमकवतो. त्याच माणसाने त्या दुपारी गच्चीवरून मैदानावरची मॅच बघायला दुर्बीण नेली होती. मी त्याला विचारले.

"धाकट्या, पडली का रे तुझ्या हातून?"

"छे! जपून आणून ठेवली की."

"मग हे पॉलिश कुठून आलं?"

"ताई, जुनी झाली ती. तुझ्यासारखीच."

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सिस्टर म्हणत, चुकलेले गणित मी खोडू देईन, पण चुकीवर शाई सांडणाऱ्याला वर्गाबाहेर काढीन. मी त्यांचीच विद्यार्थिनी.

पुढच्या आठवड्यात मंडळाने निरीक्षणाचे काम माझ्याकडून काढून घेतले. धाकट्याने फोनवरून नातेवाइकांना कळवले की ताईला आता एकटे ठेवणे बरे नाही. टेबलावर ज्येष्ठ निवासाचे रंगीत माहितीपत्रक आले आणि अंगणात टेप घेतलेला एक बांधकामवाला. "मागे दोन खोल्या सहज निघतील," असे तो बोलताना मी स्वतः ऐकले. माझे कानही शाबूत आहेत.

कलम दुसरे: बँकेतील ठेवी माझ्या शाळेच्या ग्रंथालयास. अध्यक्षांना तो पडदा, न धुता.

कलम तिसरे: पोचा आलेली दुर्बीण धाकट्याला, आहे त्या अवस्थेत, पॉलिशसकट. ती दुरुस्त करू नये. त्याने जन्मभर एकाचे दोन पाहावेत.

कलम चौथे: मी नवीन घेतलेली दुर्बीण, तिपाई आणि अंगणातली आरामखुर्ची भावजयीला. आमचे कधी पटले नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. माझी चांगली कढई तिने घासून घासून पातळ केली, आणि जिन्यात भेटली की माझ्याकडे पाहून उसासा टाकते. पण त्या संध्याकाळी एवढ्या लोकांत तिने एकटीने डोळा मिटून पाहिले. बाकीच्यांनी दोन्ही उघडे ठेवून काही पाहिले नाही.

कलम पाचवे: घर. हे घर माझ्या पगारातून घेतलेले आहे. वरचा मजला धाकट्याला "दोन वर्षांपुरता, ताई" म्हणून दिला होता. त्याचा मुलगा तिथे जन्मून नोकरीला लागला. घराची वाटणी अशी:

धाकट्याने स्वतःच्या हस्ताक्षरात, खाली दिलेल्या मुदतीत, दुर्बीण आपल्या हातून पडली, आपण ते लपवले आणि लोकांना बहिणीला हसू दिले, असे लिहून दिले आणि तेच मंडळाच्या सभेत उभे राहून वाचले, तर घर नवराबायकोला समान हिश्श्याने.

न दिल्यास संपूर्ण घर, अंगणासह, एकट्या भावजयीच्या नावे. दारावर तिच्या नावाची पाटी. धाकट्याने तिथे तिच्या परवानगीने राहावे आणि चहाचे कप उचलावेत. अंगणात खोली बांधू नये, दिवा लावू नये.

हे कलम वाचून तो तिच्यावर आवाज चढवील, हे मी जाणून आहे. तसा आवाज खाली ऐकू आल्यास मुदतीची वाट न पाहता दुसरा पर्याय लागू. छत पातळ आहे.

अंमलबजावणी माझी वकील मैत्रीण करील. ती माझ्याहून खडूस आहे.

वरील मजकूर मी वाचला, दोन्ही डोळ्यांनी आणि एकेका डोळ्यानेही. एकच दिसला. म्हणून सही करते.

सही

साक्षीदार पहिली: डोळ्यांची डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरी: शेजारची परिचारिका (सही)

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: ३ जानेवारी २०२५

प्रत: धाकटा, वरचा मजला, योग्य त्या कार्यवाहीसाठी. लेखी उत्तर शुक्रवार, दिनांक ३१ जानेवारी २०२५, सायंकाळी पाचपूर्वी मिळावे. तोंडी चालणार नाही, फोनवर चालणार नाही. बायकोच्या हाती पाठवू नये. स्वतः जिना उतरून यावे आणि कागद माझ्या हातात द्यावा.