एक ते पाच, दहा ते बारा

सोमवार, ९ फेब्रुवारी
माणूस चंद्रावर जाऊन आला त्याला अर्धं शतक उलटलं. पण नॉर्वेतल्या एल्वेरुममध्ये मला अजूनही रात्री एक वाजता, लोकरीच्या चड्डीवर, उणे अठरात अंगणात जाऊन गाडीला प्लग लावावा लागतो. का, तर त्या वेळी वीज स्वस्त! इतिहास याची नोंद घेईल असं वाटत नाही, म्हणून मीच घेतो.
असो, संपलं. इलेक्ट्रिशियन आज चार्जरला टायमर बसवून गेला. वेळ: एक ते पाच. रविवारी तोरुनला लिलेहामरच्या चर्चमध्ये गायचंय. तीस वर्षं कोरसच्या मागच्या रांगेत काढल्यावर पहिल्यांदाच एकटीने. तिला म्हटलं, गाडीची काळजी माझ्यावर सोड. ती म्हणाली, म्हणून तर काळजी वाटते. बायको विनोदी आहे.

मंगळवार, १०
तोरुन म्हणे, टायमर गाडीतही आहे, मग भिंतीवर कशाला खर्च केलास? शांतपणे विचार केला. दोन टायमर म्हणजे दुहेरी बंदोबस्त! सध्या रात्री दहा ते बारासुद्धा वीज स्वस्त आहे. गाडीला ती वेळ लावली. आता दोन्ही वेळा आपल्या.
शेजारच्या एगिलला कुंपणावरून सगळं समजावलं. तो म्हणाला, माझ्या डिझेल गाडीला एकच वेळ कळते बाबा, टाकी संपल्याची. मागासलेला, पण मनाने चांगला.

बुधवार, ११
रात्रीचा चार्जिंगचा खर्च: शून्य. चष्मा पुसून पाहिलं. शून्य!

गुरुवार, १२
पुन्हा शून्य. ऑफिसात डबा खाताना सगळ्यांना आलेख दाखवला. तिघं उठून गेले. कामं असतात लोकांना.
बॅटरी मात्र अर्ध्यावर. थंडीत सगळंच आखडतं. शिवाय तोरुन सीट गरम करते. बोललो तिला. ती म्हणाली, मग रविवारी काय थिजलेल्या ढुंगणाने गाऊ?

शुक्रवार, १३
शुक्रवार म्हणजे इथे घरोघरी टॅको. खाताना तोरुनने विचारलं, आज एक दिवस ते टायमर काढून सरळ प्लग लावशील का रे? म्हटलं, विश्वास ठेव. मग तिने नुसत्या खुणेने सॉस मागितला. आवाज जपत असावी.

शनिवार, १४
वीस टक्के. नवीन यंत्राला रुळायला वेळ द्यावा लागतो. संकल्प: घाबरायचं नाही. झोपण्यापूर्वी दोन्ही टायमर तपासले. दोन्ही अचूक.

रविवार, १५. सकाळ
वीस टक्के. लिलेहामर नव्वद किलोमीटर.
तोरुन गाण्याच्या ड्रेसवर कोट चढवून गाडीत बसली, दोन बटणं दाबली, मग भिंतीकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाली, भिंत वीज देते तेव्हा गाडी झोपलेली, गाडी तोंड उघडते तेव्हा भिंत बंद. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं का, स्टेइनार? तुझी रात्रपाळी, माझी दिवसपाळी. झाली होती का पोरं?
जलद चार्जरवर गेलो, तर सुट्टीचा आठवडा लागलेला, डोंगरावर निघालेल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. परत आलो. तोरुन एगिलच्या दारात उभी होती. त्याने काही न विचारता डिझेल सुरू केली.

रात्र
पोचलो तेव्हा कोरस उभा राहिला होता. तोरुन कोटासकट आत घुसली आणि गायली. कशी गायली ते मला लिहिता येणार नाही. एगिल डोळे पुसत होता. म्हणाला, सर्दी. मीही तेच म्हणालो.
परतताना त्याने पंपावर मनुकांचे तीन बन घेतले. मी दोन खाल्ले. दुसरा त्याचा होता, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

सोमवार, १६
दोन्ही टायमर बंद. गाडी दिवसातल्या सगळ्यात महाग विजेवर मजेत चार्ज होतेय. तोरुन स्वयंपाकघरात कालचंच गुणगुणतेय.
पंपापर्यंत चालत गेलो. मनुकांचे चार बन घेतले. एगिलच्या खिडकीत अंधार होता. पिशवी दाराच्या मुठीला अडकवली, चिठ्ठी लिहिली नाही, आणि घरी आलो.