गाठोड्याची युक्ती

९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय ताई,

पत्र पोचलं. मी बरी आहे, जेवते, कामावर जाते. तू विचारायच्या आधीच सांगून टाकते, आईच्या कुंड्यांमधली झाडं मेली. माझ्या हाती ती कशी जगणार होती?

पाच महिन्यांनी तुझं अक्षर बघितलं आणि आधी पाकीट तसंच टीव्हीवर ठेवून दिलं. उघडून बघते तर काय, लेकीने नोकरीच्या गावी वेगळी खोली घेतलीय आणि तिला म्हणे 'आळशी मावशी'च्या युक्त्या हव्यात! मला हसू आलं गं. ज्यासाठी जन्मभर तू मला फाडून खाल्लंस, तेच आता लेकीसाठी पत्र टाकून मागवतेयस. बरं, लिहून घे.

गादीवर एकदम चार चादरी घालायच्या, एकावर एक. दर रविवारी वरची ओढून काढायची, खालची तयार असतेच. महिनाभर पलंगाकडे बघायला नको. कपड्यांसाठी दोन खुर्च्या ठेव म्हणावं. एक धुतलेल्यांची, दुसरी एकदा अंगावर घातलेल्यांची, म्हणजे धुवायला टाकवत नाहीत आणि कपाटातही ठेववत नाहीत अशा कपड्यांची. भांड्यांचं तर सोपं आहे. एक ताट, एक वाटी, एक पेला, एवढंच बाहेर ठेवायचं आणि बाकी सगळं माळ्यावर. दुसरं ताटच हाताशी नसलं की ढीग साचणार कसा?

आणि कोणी येणार असेल तर फरशी पुसत बसायचं नाही. एक फडका फिनाईलमध्ये बुडवायचा, पिळायचा आणि दारामागे टाकायचा. वास आला की लोक फरशी पुसली असंच धरून चालतात. तूही धरायचीस. रागावू नकोस.

लोक मला म्हणतात, लाँड्रीत काम करणारी बाई घरात अशी कशी? अगं, म्हणूनच अशी! दिवसभरात दीडशे शर्टांच्या घड्या घालते मी, कॉलर वर, बाह्या मागे. घरी आल्यावर स्वतःच्या रुमालालाही हात लावावासा वाटत नाही. हे आईला कळायचं. तुला कधी कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. तू आलीस की चप्पल काढायच्या आधी टीव्हीवरून बोट फिरवायचीस.

आणखी एक युक्ती आहे, पण ती मी पोरीला देणार नाही. ती तुला सांगते. खरं म्हणजे तुझ्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळींसाठीच मी लिहायला बसलेय, वरचं सगळं नुसतं वेळ काढणं होतं. तू लिहिलंयस, "ती तुझी कामवाली काकू माझ्या मैत्रिणीच्या पाळणाघरात काम मागायला आली होती. मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. दारातूनच घालवली. जिने आपली आई मारली तिला लहान मुलांत कसं शिरू देणार?"

ताई, काकूंनी आईला मारलं नाही. अकरा वर्षं आपल्याकडे केर-फरशी केली त्या बाईने, तिचा यात काडीचाही दोष नाही. आई बाथरूममध्ये पडलीच नव्हती.

आता नीट सांगते. मध्येच पत्र टाकून देऊ नकोस.

त्या शनिवारी मला सुट्टी होती. काकू नऊला आल्या. साडेनऊला तुझा फोन आला, "अर्ध्या तासात पोचतेय, बघू तरी घर कसं ठेवलंयस." तू हसत म्हणालीस, पण मी फोन ठेवला तो घरभर नजर फिरवतच. बाहेरच्या खोलीत दोन्ही खुर्च्या भरून सांडत होत्या. मी काकूंना म्हटलं, "बाथरूम आज राहू द्या, एवढी बाहेरची खोली झाडा आणि निघा." त्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "मी पटापट घड्या घालून देऊ का?" मी नको म्हटलं. तू त्यांना घड्या घालताना बघितलं असतंस तर तेही मला ऐकावं लागलं असतं. त्या झाडू ठेवून गेल्या.

मग माझी युक्ती. एक मोठी चादर पसरायची आणि दिसेल ते तिच्यावर लोटायचं. कपडे, पेपर, छत्री, रिकामे डबे, सगळं. चारी टोकं धरून गाठ मारायची. ती गाठ आमच्या लाँड्रीतली, दोन वेढे देऊन शेपूट आत खोचतो आम्ही. गाडीतून गाठोडं फेकलं तरी सुटत नाही. सोडवायची असेल तर खोचलेलं शेपूट आधी शोधावं लागतं. नुसती ओढली तर आणखी आवळते.

ते धूड मी ओढत आईच्या खोलीत नेलं आणि पलंग आणि भिंत यांच्यामध्ये कोंबलं. दर वेळी तिथेच जायचं. तू आईला कायम बाहेरच्या खोलीत भेटलीस ना? त्याचं कारण हेच. आई म्हणाली, "अगं, ती काय पोलीस आहे का?" मी म्हटलं, "तू ओळखत नाहीस तिला!" दोघी हसलो. मी दार ओढून घेतलं आणि दूध, बिस्किटं आणायला खाली गेले. वाण्याकडे गर्दी होती.

परत आले तर आई फरशीवर, कुशीवर पडलेली. एक पाय कसातरीच वळलेला. गाठोड्याचं टोक अजून तिच्या मुठीत होतं. मला बघून म्हणाली, "गाठ सुटेना गं. म्हटलं ती यायच्या आत तुझ्या घड्या घालून टाकाव्यात."

दोन्ही हातांनी ओढत होती. एका हातातून चादर निसटली, तोल गेला आणि ती मागे आपटली.

पुढचं मी दोनदा लिहून दोनदा खोडलंय. मी आधी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला नाही. मी आधी गाठोडं हलवलं. तिच्या मुठीतून टोक सोडवलं, गाठोडं बाल्कनीत नेलं आणि वॉशिंग मशीनच्या मागे ढकललं. एक डबा घरंगळत गेला तर तोही शोधून आणला. आई जमिनीवरून बघत होती. तिने पाणी मागितलं. मी म्हटलं, "थांब, एक मिनिट." मग बेल वाजली. तू आलीस.

अ‍ॅम्ब्युलन्स तू बोलावलीस. तू फोनवर होतीस तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली, "बाथरूममध्ये पडले म्हण. उगाच तुमच्यात जुंपायला नको." म्हणून मी तुला सांगितलं, बाथरूममध्ये घसरली, भिंतीला धरून खोलीपर्यंत आली आणि इथे कोसळली. तेवढं खोटं आईचं होतं आणि त्याने कुणाचं वाकडं झालं नसतं. पण तू विचारलंस, "या वेळेला बाथरूम ओलं कसं?" मी म्हटलं, "काकूंनी धुतलं असेल." हे मात्र माझं. असेल म्हटलं, म्हणजे मी खोटं बोललेच नाही, असं मी कितीतरी दिवस स्वतःला समजावत होते.

मोडलेला खुबा, ऑपरेशन, मग छातीत साचलेला कफ. एकोणीस दिवस. तू तिला चमच्याने भरवायचीस तेव्हा ती माझ्याकडे बघायची आणि मी खिडकीबाहेर. डॉक्टरांना मी एकदा गाठून विचारलं, पंधरा-वीस मिनिटांनी फरक पडला असता का? ते म्हणाले, बहुतेक नाही. या 'बहुतेक'चं मी काय करू, ते तूच सांग.

त्याच दिवसांत तू आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या पाचही घरांची दारं वाजवलीस. मी तुझ्यासोबत होते. एका आठवड्यात पाचही घरांनी त्यांना काढलं. काकूंनी आईची तब्येत दोनदा फोन करून विचारली. मी उचलला नाही.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. रविवारी मी काकूंच्या घरी गेले. त्या दारात बसून दुसऱ्यांच्या पडद्यांना हातशिलाई घालत होत्या. डोळे बारीक करून सुईत दोरा ओवत होत्या, तो मला पुढे होऊन ओवून द्यावा लागला. मग मी सगळं सांगितलं, जसं तुला सांगितलं तसंच. त्या शिवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं. त्या दिवशी मी बाथरूम धुतलंच नव्हतं. तुम्हीच नको म्हणालात."

मी म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कोणाला सांगणार? तुमच्या ताई सगळ्यांसमोर जिन्यात मला बोलत होत्या, आणि तुम्ही त्यांच्या मागे उभ्या होतात. मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. तुमच्याकडे बघत होते. म्हटलं आता बोलाल, आता बोलाल."

मी माफी मागितली. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "परत कामावर या" म्हटलं तर एवढंच म्हणाल्या, "तुमच्या घरी नको." तरी मला चहा केला.

काल मी कामावर खाडा करून पाचही घरी गेले आणि खरं काय ते सांगितलं. दोघींनी काकूंना बोलावणं धाडलं. एकीने आधीच दुसरी बाई ठेवलीय. एकीने ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाली. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "स्वतःच्या आईला असं पडू दिलंस?" आणि दार लावून घेतलं. त्यांचं काही चुकलं नाही.

राहिलं पाळणाघर. तिथे मला कोणी ओळखत नाही, माझं कोण ऐकणार? तिथे तुझा शब्द चालला होता, तो तुलाच मागे घ्यावा लागेल. काकूंना ते काम हवंय. आता जिने चढवत नाहीत त्यांना, आणि तिथे सगळं तळमजल्यावरच आहे. तुला माझा राग येईल, यायलाच हवा. माझ्यामुळे आई गेली, हे तू कोणालाही सांग, मी नाही म्हणणार नाही. मलाही तुझा राग येतो ताई, तुझ्या त्या बोटाचा, त्या अर्ध्या तासाचा. पण गाठ मी मारली होती. आपलं काय व्हायचं ते नंतर होऊ दे. हे पत्र वाचून झालं की आधी चप्पल घाल आणि पाळणाघरात जा.

गेलीस की नाही, ते मी तुला विचारणार नाही. काकूंना विचारीन.

तुला अजून म्हणवत असेल तर,
तुझी धाकटी बहीण