जास्तीचे स्क्रू

ता. ९, रविवार दुपार

ती. काका,

तुम्हा दोघांना नमस्कार. मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळ जेवतो, हे आधी काकूला वाचून दाखवा, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल. मनगट कसं आहे? थंडीत दुखतं का? सात महिन्यांतलं हे पहिलंच पत्र, तेही पेन्सिलीने. पेन कानामागे ठेवून हरवलं.

मध्ये दोन कामं धरली नि सोडली. एक रंगाऱ्याकडे, एक बोटीवर. बोटीची गंमत नंतर कधीतरी. आता हसाल: तुमच्यासारख्या सुताराकडून पळालेला मी पुन्हा लाकडातच आलोय. पाच मजली इमारत, भिंती, जमिनी, जिना, सगळं लाकडाचं.

लाकडात वरच्याची पावलं खालच्याच्या डोक्यात वाजतात. म्हणून भिंत आणि वरची जमीन यांच्यामध्ये रबराची पट्टी घालायची, स्क्रूखालीही रबरी वायसर, आणि स्क्रू मोजकेच. आवाज अडतो, पण सांधा जरा मऊ होतो. तिसऱ्या मजल्यावर एका भिंतीला मी खांदा लावून पाहिला. हलली. केसभरच, पण हलली. कुणाला न विचारता त्या भिंतीच्या प्रत्येक सांध्याला चार चार जास्तीचे स्क्रू मारले, बिनवायसरचे, पट्टीतून आरपार. मग कुठे जेवण गेलं.

मंगळवारी आवाज मोजणारे आले. वरच्या जमिनीवर ठोकणारं यंत्र, खाली मीटर. बाकीच्या खोल्या पास, आमची ढोलासारखी वाजली. मुकादम बाई माझ्या कामातल्या जोडीदारावर घसरल्या, कारण पट्टी त्याने लावली होती.

"तुकडे जोडून लावलीस ना?"

"नाही हो बाई, अखंड आहे."

"मग आवाज काय विमानाने आला?"

त्याने हातमोजे काढून खिशात कोंबले, निघायच्या तयारीने. तेव्हा कुठे मी सांगितलं, काका, की जास्तीचे स्क्रू माझे.

इमारतीचा इंजिनिअर वाकून स्क्रूची डोकी मोजायला लागला. "इतके कशाला?"

"भिंत हलत होती."

"हलू दे की. किती हलायची ते मी आधीच धरलंय. आता ही एकटीच ताठ झाली, म्हणजे वाऱ्याचा जोर बाकीच्यांना सोडून हिच्या अंगावर. वर आवाजाला तू जिना बांधून दिलास."

बाई म्हणाल्या, "एकेक काढ आणि भोकं बुजव. पुढच्या वेळी हात शिवशिवले तर आधी विचार." बस, एवढंच. हाकललं नाही. जोडीदाराने स्वतःचा अर्धा चहा मला ओतला. माणसं चांगली भेटतात मला, लायकी नसताना.

तीन दिवस स्क्रू काढत होतो आणि डोक्यात तो माळा होता. गिऱ्हाइकाकडे तो तुमच्या अंगावर पडला, मनगट मोडलं, आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "माझंच माप चुकलं." माप बरोबर होतं. मागच्या ब्रॅकेटचे दोन स्क्रू मी मारलेच नव्हते. बाहेर क्रेन आली होती, ती बघायला गेलो नि विसरलो. ती रिकामी भोकं तुम्ही पाहिलीत, आणि तुम्ही पाहिलीत हे मी पाहिलं. तरी दवाखान्यात मलाच विचारलंत, "तुला लागलं नाही ना?"

जग बघायला वगैरे मी निघालो नव्हतो. तुमचे आभार मानायचे तर चूक कबूल करावी लागली असती, म्हणून निघालो. आज दोन्ही एकदम लिहितो. चूक माझी होती. आणि तुम्ही मला जे दिलंत ते मी कधी विसरणार नाही.

सोबत दुसरा कागद आहे, त्या गिऱ्हाइकासाठी. तुमचं माप बरोबर होतं, माळा माझ्यामुळे पडला, एवढंच लिहून खाली सही केलीय. तुम्ही तो दाबून ठेवाल हे ठाऊक आहे. म्हणून काकू, हे ऐकत असशील तर तो कागद त्यांच्या हातून घे आणि तूच नेऊन दे.

तुमच्याच हाताखालचा,
पुतण्या