मांडवला बसायला जागाच नव्हती

९ जानेवारी १९५५, रविवार, उज्जैन

नवल घडलं! हे म्हणाले, मांडवला जाऊ. मी म्हटलं, कोण कोण? तर म्हणे, "आपण दोघंच."

दोघंच! लग्नाला नऊ वर्षं झाली. दोघंच म्हणून कधी रामघाटापर्यंतसुद्धा गेलो नाही. महाकालला जायचं तरी हे चार पावलं पुढे, मध्ये सासूबाई, मागे मी पूजेचं तबक घेऊन. आणि आता एकदम रूपमतीचं मांडव! डोंगर, दऱ्या, महाल! सव्वीस जानेवारीला गिरणी बंद, म्हणजे यांचं ऑफिसही बंद. आदल्या दिवशी निघायचं, रात्री इंदूरला यांच्या आत्यांकडे राहायचं आणि पहाटेची मोटार धरायची. डबा न्यायचा, छानशी जागा बघून सतरंजी टाकायची, जेवायचं. पूर्वी साहेबलोक आणि त्यांच्या मडमा करत असत तसं!

मला वाटलं, सासूबाई मोडता घालणार. पण नाही. उलट म्हणाल्या, "जा हो, जा. मोकळं बोलणं होईल."

मोकळं बोलणं? सासूबाईंच्या तोंडून? दोन खोल्या, मध्ये लाकडी पार्टिशन, पलीकडे त्यांचा खोकला. नऊ वर्षांत आम्ही दोघं बोललो काय तर दळण, रॉकेल आणि आईंचं औषध. असो. गोड मानून घ्यावं.

११ जानेवारी

दशम्या, भरली वांगी, लसणाची चटणी, तिळाच्या वड्या. यांना खोबऱ्याच्या आवडतात, त्याही करीन. गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामाला म्हणून इंदूरला जाऊन आले, तेव्हापासून यांचं जेवण उडालंय. अर्धी पोळी टाकून उठतात. मांडवच्या हवेनं भूक लागेल.

हिरवं लुगडं नेसावं की जांभळं?

१४ जानेवारी, संक्रांत

कुठलंच नको. आग लागो त्या मांडवला!

शेजारच्या माणिकवहिनींकडे हळदीकुंकवाला गेले होते. त्यांच्या सुनेची ओटी भरायची होती, पाचवा महिना. सगळ्याजणींनी भरली. माझी पाळी आली तेव्हा ताट हळूच पुढे सरकलं. ते नेहमीचंच. वांझेचा हात लागायला नको. मी हसून तीळगूळ घेतला आणि उठले.

माणिकवहिनी दारापर्यंत आल्या. वाईट वाटलं असावं त्यांना. म्हणाल्या, "अहल्या, तुला खबर नाही का ग? तुझ्या सासूनं इंदूरची मुलगी बघितलीय. भय्यासाहेबांची थोरली. कायदा यायच्या आत उरकायचं म्हणतात."

कायदा म्हणजे तोच, पेपरात रोज येतोय तो. एक बायको असताना दुसरी करायची नाही. दिल्लीत अर्धं काम झालंय, उरलेलं उन्हाळ्यापर्यंत होईल म्हणतात.

"पण त्या भय्यासाहेबांची अट आहे," वहिनी म्हणाल्या. "पहिलीच्या तोंडून राजीखुशीनं हो आलं पाहिजे. उद्या माझ्या पोरीला कुणी तळतळाट द्यायला नको, असं म्हणाला तो."

म्हणजे म्हणून मांडव! म्हणून मोकळं बोलणं! आणि डिसेंबरात इंदूरला काय ऑफिसचं काम होतं, तेही आता कळलं. मुलगी बघून आले आणि मग माझ्या हातची पोळी कशी गोड लागणार?

ताकाला जाऊन भांडं लपवणारी जात मेली.

१६ जानेवारी

दोन दिवस कुणाशी बोलले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नाही म्हटलं तर काय होईल? तोंडावर नाही म्हणणारी सून या घरात एक दिवस राहू शकेल का? "वंश बुडवते" म्हणून उठता-बसता ऐकायचं. रतलामला बाबा रिटायर झालेत, धाकट्या दोघी लग्नाच्या. तिथं कुठल्या तोंडानं जाऊ? आणि हो म्हटलं तर... तिचं बाळंतपण मी करायचं, तिची पोरं मी न्हाऊ-माखू घालायची, रात्री पार्टिशनच्या पलीकडे सासूबाईंशेजारी मी निजायचं. ते मला जमणार नाही. मरेन, पण जमणार नाही.

मग एक सुचलं. विचारलंच नाही तर हो-नाहीचा प्रश्नच कुठे येतो? मला विचारू द्यायचं नाही. बस. उन्हाळ्यापर्यंत ओढायचं. कायदा आला की सुटले.

मांडवला जाणार. हिरवं लुगडं नेसणार.

२५ जानेवारी, इंदूर

देवासगेटच्या स्टँडवर मोटारीत शेजारी शेजारी बसलो. यांनी दोनदा घसा खाकरला. दोनदाही मी म्हटलं, "मोटारीत बोलू नये, मळमळतं."

आता आत्यांच्या माजघरात बायकांत निजले आहे. हे बाहेर ओटीवर. आजचा दिवस निभावला.

२७ जानेवारी

परत आलो. अंग ठणकतंय. पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

घाट चढून वर गेलो आणि मी सगळं विसरले, खरंच! धुकं दरीतून वर येत होतं. जिकडे बघावं तिकडे कमानी, घुमट, आणि ती जाड बुंध्याची मांडवची चिंच, म्हणजे गोरखचिंच. यांनी सतरंजी खांद्यावर टाकली, डबा हातात घेतला. मान खाली घालून ऑफिसला जाणारा हा माणूस कोवळ्या उन्हात किती बरा दिसत होता! मला स्वतःचाच राग आला.

आधी जहाजमहाल. दोन्हीकडे तळं, वर गच्ची, गार वारा. हे म्हणाले, "इथं बसू या?" तेवढ्यात कुठल्याशा शाळेची पोरं झेंडे घेऊन आली, जयहिंद जयहिंद करत. मनात म्हटलं, जुग जुग जिओ रे बाळांनो! "इथं गोंगाट आहे," मी म्हटलं. "पुढे बघू."

पुढे एका चिंचेखाली सतरंजी टाकलीच यांनी. बसलेही. "मला तुला एक..." एवढं तोंडातून निघतंय तोच मी ओरडले, "मुंग्या!" एक मुंगी होती खरी. एकच. हे उठले, सतरंजी झटकली, घडी घातली.

मग टांगा करून रेवाकुंड. तिथं म्हटलं, पाण्याजवळ गारठा आहे, तुम्हाला खोकला होईल. रूपमतीचा मंडप तर अगदी कड्यावर. खाली सगळं निमाड पसरलेलं, आणि लांब एक चकाकती रेघ, ती नर्मदा. मी हात जोडले. यांनीही जोडले. मग माझ्याकडे वळले. डोळे कसे झाले होते यांचे! मी पटकन म्हटलं, "वारा फार आहे बाई. कानात जातो. काही ऐकूच येत नाही."

"मी तर अजून काही बोललोच नाही," हे म्हणाले.

"तेच तर. उगाच घसा बसेल."

परतताना टांगेवाल्यानं मध्येच टांगा थांबवला. तिथं आवाज दिला की समोरच्या पडक्या महालाकडून परत येतो. "बाबूजी, भाभीजी का नाम पुकारो! पहाड़ जवाब देगा!" मला वाटलं, हे हसून सोडून देतील. चारचौघांत हे मला 'अगं'सुद्धा म्हणत नाहीत. पण यांनी डबा खाली ठेवला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली—

"नंदाऽऽ!"

नंदा! माझं माहेरचं नाव! लग्नात तांदळाच्या ताटात यांनीच अंगठीनं 'अहल्या' लिहिलं. नाव सासूबाईंच्या पसंतीचं. त्यानंतर उज्जैनात मला कुणी नंदा म्हणून हाक मारली नाही. आणि हा माणूस डोंगरापुढे उभा राहून ते नाव घेतो, आणि डोंगरही घेतो! एकदा, मग हळू पुन्हा एकदा.

"अब आप, भाभीजी!" टांगेवाला म्हणाला. मी मान हलवली. नवऱ्याचं नाव घेऊ? त्याचं आयुष्य कमी होतं. भडभडून आलं होतं.

हे जवळ आले. "नंदा, आता तरी बसू या. इथंच."

आणि माझं डोकंच फिरलं. अरे वा! नऊ वर्षं हे नाव कुठे ठेवलं होतं? आजच बरं आठवलं! गोड बोलून केसानं गळा कापायचा, तो असा! मी म्हटलं, "इथं काटे आहेत. नीळकंठेश्वराला जाऊ."

नीळकंठेश्वराला पायऱ्या उतरून गेलो. इतकी शांत जागा मी उभ्या जन्मात पाहिली नाही. कुंडात पाणी झुळझुळ पडतंय, समोर दरी, माणूस नाही काणूस नाही. आता काय सांगू? सुचेना. शेवटी म्हटलं, "देवाच्या दारात खरकटं सांडायचं का?"

यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं.

जेवलो ते मोटार स्टँडवर, उभ्यानं. दशम्या वाळून चामट झाल्या होत्या. एक वडी माकडानं पळवली. हे म्हणाले, "एवढ्या मांडवात बसायला जागा नाही मिळाली."

मी जिंकले. मग दशमी गिळवेना का?

२८ जानेवारी

सासूबाईंनी यांना विचारलं, "बोललास?" पार्टिशनमधून स्पष्ट ऐकू आलं.

"नाही जमलं."

"बायकोपुढे तोंड उघडता येत नाही, मेल्या!"

२१ फेब्रुवारी

आता मी सासूबाईंच्या खोलीत निजते. त्यांचे पाय चेपते. त्या खूश. गल्लीत सांगतात, सून सुधारली.

१३ मार्च

आज हे म्हणाले, "संध्याकाळी घाटावर येतेस?" मी म्हटलं, पाहुणे येणार आहेत. कोण पाहुणे? मी जाऊन माणिकवहिनींनाच बोलावून आणलं.

हे वाळलेत. शर्टाची कॉलर मानेभोवती फिरते. मला दया येते, मग इंदूरची मुलगी आठवते. एकोणीस वर्षांची आहे म्हणे, पेटी वाजवते. दया जाते.

२ एप्रिल

माणिकवहिनींकडे पेपर वाचला. आपलं मध्यभारत राज्य राहणार की मोडणार, यावर भलंमोठं पान. मोडो नाहीतर राहो! माझा कायदा कुठे आहे? एका कोपऱ्यात चार ओळी, चर्चा पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात! आणि सासूबाईंनी मुहूर्त काढलाय अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशीचा.

१२ एप्रिल

सासूबाईंनी आज यांच्यावर विसंबणं सोडलं. माझ्यादेखत म्हणाल्या, "याच्यानं काही होत नाही. रविवारी भय्यासाहेब येतील. ते स्वतःच विचारतील हिला. आणि तू नीट उत्तर दे ग. आमच्या घराण्याची अब्रू तुझ्या जिभेवर आहे."

यांनी ताटावरून वर पाहिलं. "आई, त्यांना बोलावू नकोस."

"का?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मी भात वाढायला उठले.

१६ एप्रिल

दुपारी हे स्वयंपाकघरात आले. कधी येत नाहीत. दाराला धरून उभे राहिले. "पाच मिनिटं गच्चीवर चल. हात जोडतो."

मी म्हटलं, "कुरडया वाळत घातल्यात. नजर हलली की कावळे नेतात."

"कुरडया गच्चीवरच आहेत ना?"

खरंच होत्या. तोंडघशी पडले! पण म्हटलं, ऊन लागतं. आणि विळी पुढ्यात ओढली. हे गेले. विळीवर बोट कापलं, रक्त थांबेना.

उद्या. मी ठरवलंय, नाही म्हणणार. स्पष्ट, भय्यासाहेबांच्या तोंडावर. मग घराबाहेर काढलं तर काढलं. ट्रंकेत दोन लुगडी भरून ठेवलीत. रतलामची गाडी संध्याकाळी असते.

भीती वाटते. खूप.

१७ एप्रिल, रविवार

भय्यासाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही राजीखुशीनं हो म्हणता ना?" मी तोंड उघडलं. पण हेच बोलले.

"तिला काय विचारता? दोष माझ्यात आहे. डिसेंबरात इंदूरच्या डॉक्टरांकडे तपासून आलो. मला मूल होणार नाही. दुसरी केली तरी नाही, तिसरी केली तरी नाही."

सासूबाईंच्या हातातून पन्ह्याचा पेला पडला. कुणीच उचलला नाही.

"हे आधी हिला एकटीला सांगायचं होतं. मांडवला त्यासाठीच नेलं होतं." मग खाली बघत म्हणाले, "हिनं बसूच दिलं नाही."

भय्यासाहेब पगडी उचलून निघून गेले. सासूबाईंनी देव्हाऱ्यापुढे जे भिंतीकडे तोंड केलंय, ते अजून तसंच आहे. मला राग आला. नऊ वर्षांच्या सरकवलेल्या ताटांचा, सगळ्यांचा. मग माझ्याच मुंगीचा आला.

तिन्हीसांजेला सतरंजी घेऊन गच्चीवर गेले. हे कठड्याशी पाठमोरे उभे होते. मी कुरडया एका बाजूला सारल्या, सतरंजी अंथरली.

"श्रीनाथ," मी हाक मारली. "इथं बसा. इथं मुंग्या नाहीत."