शेतातली ओल

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. चौल.

कृषी खात्याकडून यायचं टोकणयंत्र आजही आलं नाही. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच आमचा वाल येतो, आणि ती रोज उडतेय. सकाळी शेतातलं एक ढेकूळ आणून खिडकीत ठेवलं होतं. दुपारीच त्याला चीर पडली.

बाकी सगळे नेहमीसारखा वाल फेकून मोकळे झाले. सुधारित बियाणं त्या यंत्राने ओळीत पेरायचा हट्ट माझाच. खात्याच्या प्रशिक्षणाला मीच गेले होते ना! जाऊबाईही माझ्या शब्दावर थांबल्यात. संध्याकाळी बांधावर एवढंच म्हणाल्या, "तू सांगशील तसं. पण माझं शेत उंचावर हाय गं, लवकर सुकतं." हाताने टोकायचं तर माणसं कुठून आणू? सगळी बंगल्यांच्या कामावर.

आत्ता ढेकूळ बोटाने दाबलं, तर भुगा झाला. चुकले का मी?

स्वयंपाकघरात सासूबाईंनी बियाण्यासाठी राखलेले घरचे वाल भिजत घातलेत. विचारलं, "उद्या बिरडं?" "व्हय," म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

मोठं पातेलं भरलंय. एवढं बिरडं अख्ख्या आळीलाही संपायचं नाही. भिजलेलं बी मात्र कमी ओलीतही रुजतं. आणखी तांब्याभर पाणी ओतलं आणि वर झाकण ठेवलं.